स्वर्गीय नर्तकाची वाटणी

लखनौ शहराला लागूनच कुकरैल नावाचं रोपवन आहे. उन्हाळ्यात तिथल्या एखाद्या पाणवठ्याशी स्वस्थ बसून राहिलं तर दोन तऱ्हेचे नर पाण्यावर झेपावताना दिसू शकतात. एक पांढराशुभ्र, डोकं निळसर झाक असलेलं काळं, आणि मागे अंगाहून लांब अशा दोन फिती. दुसऱ्याचं डोकं तसंच, फितीही तशाच. फक्त पाठ, पंख आणि शेपटी विटकरी. नवखा माणूस वहीत दोन पक्षी लिहून टाकतो आणि त्याला हसण्याचं काही कारण नाही. हे दोन्ही नर एकाच जातीचे आहेत, हे पाहून कळत नाही, सांगावं लागतं. उलट याच पक्ष्याचे भारतातले आणि मलायाकडचे भाऊबंद एकमेकांसारखे इतके दिसतात की विसाव्या शतकात बहुतेक काळ त्यांना एकच जात मानलं गेलं. 2015 साली मात्र त्यांची तीन जातींत वाटणी झाली. डोळ्यांत भरणाऱ्या रंगाने जात ठरली नाही, आणि ती ओळखावी लागते छातीवरच्या फिकट राखाडी छटेने, असा हा उफराटा कारभार आहे.

मराठीत याला स्वर्गीय नर्तक म्हणतात. लखनौकडे दूधराज, शाह बुलबुल किंवा सुलताना बुलबुल. बुलबुलांशी त्याचं काही नातं नाही. डोक्यावरचा तुरा पाहून ते नाव पडलं असावं. मध्य प्रदेशाने त्याला राज्यपक्षी केलं आहे. आपल्याकडे कर्नाळा, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, विदर्भातली नागझिऱ्यासारखी जंगलं इथे तो भेटतो, आणि सिंहगडाच्या पायथ्याची दरी तर त्याच्या आंघोळीच्या छायाचित्रांसाठीच गाजलेली आहे. महाराष्ट्रात काही पक्षी वीण करतात आणि हिवाळ्यात त्यांत उत्तरेकडून आलेल्यांची भर पडते. लखनौत गणित वेगळं. तिथे तो मुख्यतः उन्हाळी पाहुणा: एप्रिलच्या सुमारास येतो, मे ते जुलै या काळात पिल्लं वाढवतो आणि पावसाळा सरता सरता दक्षिणेची वाट धरतो. म्हणजे जानेवारीत कर्नाळ्याला आपण ज्याच्यामागे कॅमेरे घेऊन धावतो, तो मे महिन्यात गंगेच्या मैदानातल्या एखाद्या आमराईत अंडी उबवत बसलेला असू शकतो.

लखनौ तसं पक्ष्यांचं शौकीन शहर. अब्दुल हलीम शरर यांनी जुन्या लखनौचं जे वर्णन लिहून ठेवलं आहे त्यात बटेर, तितर आणि बुलबुल यांच्या झुंजींवर पानंच्या पानं आहेत. शाह बुलबुल या नादातून वाचला, आणि त्याचं कारण त्याच्या पोटात आहे. उडत्या किड्यांवर जगणारा पक्षी दाणापाण्यावर पिंजऱ्यात राहत नाही. झुंजीच्या उपयोगाचाही नाही. त्यामुळे तो बागेतच राहिला.

शौकिनांनंतर यादी करणारे आले. जॉर्ज रीड यांनी 1881 साली लखनौ विभागातल्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली, ती अॅलन ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात. त्यानंतर विल्यम जेसी यांची लखनौच्या पक्ष्यांची यादी 1902-03 मध्ये ‘आयबिस’मध्ये क्रमशः आली. ह्यूम यांना आपण काँग्रेसच्या स्थापनेमुळे ओळखतो. पण त्याआधी ते इटाव्याचे कलेक्टर होते आणि भारतीय पक्ष्यांचा त्यांनी जमवलेला संग्रह जगात अव्वल गणला जाई. काँग्रेस स्थापन झाली त्याच 1885 साली तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला गेला. साठ हजारांवर पक्ष्यांची कातडी, शिवाय अंडी आणि घरटी. उत्तर भारतातल्या स्वर्गीय नर्तकाविषयी नंतर जे काही ठरलं, ते लखनौच्या झाडांवर जितकं ठरलं त्याहून जास्त अशा लांबच्या कपाटांतल्या खणांत ठरलं, हे लक्षात ठेवलेलं बरं. त्याचे फायदे होते, तोटेही होते.

आधी रंगाचा प्रश्न घेऊ, कारण तो जुना आहे आणि आजही पाहणाऱ्याला पहिला तोच पडतो.

ज्यावर सर्वांचं एकमत आहे ते असं. मादी वरून विटकरी, खालून पांढुरकी, गळा राखाडी, डोक्यावर काळा तुरा, शेपटी आखूड. कोवळा नर जवळजवळ मादीसारखाच दिसतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी त्याच्या शेपटीची मधली दोन पिसं लांबू लागतात आणि पुरी वाढली की वीस-बावीस सेंटिमीटरच्या पक्ष्यामागे तेवढीच, कधी त्याहूनही लांब फीत येते. गळा राखाडीचा काळा होतो. इथपर्यंत ठीक. पण मग लांब शेपटीचे काही नर विटकरीच राहतात आणि काही पांढरे दिसतात, त्याचं काय?

सोपं उत्तर फार पूर्वीपासून तयार होतं: विटकरी तो तरुण, पांढरा तो वयस्क. नराचे केस पिकावेत तसा हा हिशेब आहे आणि त्यामुळेच तो लोकांना पटतो. अजूनही जंगलातले वाटाडे हेच सांगतात, आणि बऱ्याच छापील पुस्तकांतूनही ते गृहीत धरलेलं असतं. 1963 साली डी. एफ. ओवेन यांनी ‘आर्डेआ’ या डच नियतकालिकात या उत्तराची नीट झाडाझडती घेतली. लंडन, न्यूयॉर्क, शिकागो, वॉशिंग्टन, टोरांटो अशा ठिकाणच्या संग्रहालयांतून त्यांनी लांब शेपटीच्या 680 नरांची कातडी तपासली. मध्य आशियापासून चीनपर्यंत आणि खाली इंडोनेशियापर्यंत, म्हणजे तेव्हा एकच मानल्या जाणाऱ्या जातीच्या जवळपास सगळ्या मुलखातले हे नमुने होते.

ओवेन यांना जे आढळलं ते वयाच्या हिशेबात बसत नव्हतं. दोन्ही रंगांचं प्रमाण मुलखागणिक बदलत होतं. अगदी आग्नेयेकडच्या टोकाला विटकरी नर दुर्मीळ. भारतात, आणि थोड्या प्रमाणात चीनमध्ये, मधलेच नमुने सापडत होते: विटकरी अंगावर पंखात पांढरी पिसं, किंवा पंख-शेपटी दोन्हींत पांढरं, तेही डाव्या-उजव्या बाजूंना सारखं नव्हे, कसंही. पंजाब, काश्मीर, उत्तर भारत, महाराष्ट्र इथल्या नमुन्यांत हे मिश्र नर होते. भारत आणि चीन सोडले तर इतरत्र ते जवळजवळ नव्हतेच. ओवेन यांनी तीन शक्यता मांडल्या. एक, नरांमध्ये मुळातच दोन रंगरूपं असतील. दोन, विटकरी नर हे पूर्ण वाढ न झालेले असतील. तीन, आणि ही शक्यता त्यांनी मांडली हेच मला विशेष वाटतं, एकाच जंगलात दोन वेगळ्या जाती राहत असतील आणि त्या फक्त नरांवरून ओळखू येत असतील.

तिसरी शक्यता आज कुणी धरत नाही. माद्यांच्या दोन तऱ्हा नाहीत, आणि मिश्र पिसांचे नर तर दोन रंगांमधली भिंत पक्की नसल्याचंच सांगतात. दुसरीला, म्हणजे वयाच्या हिशेबाला, सर्वांत मोठा अडथळा श्रीलंकेचा. तिथे राहणारी स्थानिक उपजात कायम विटकरी. तिच्यात पांढरा नर होतच नाही. तिथे हिवाळ्यात दिसणारे पांढरे नर भारतातून गेलेले पाहुणे. सिंहली लोक त्या पाहुण्याला पांढरं कापड चोरून नेणारा म्हणतात. विटकरी म्हणजे अपुऱ्या वयाचा असं धरलं, तर श्रीलंकेतले सगळे नर जन्मभर अल्पवयीनच राहतात असं म्हणावं लागेल. शिवाय आखूड शेपटीचे विटकरी नरही घरटं करून पिल्लं वाढवतात, त्यामुळे रंग म्हणजे प्रौढपणाचा दाखला नव्हे. मादागास्करच्या स्वर्गीय नर्तकातही नरांचे विटकरी आणि पांढरे असे दोन प्रकार आहेत, आणि तिथे दोन्ही प्रकारचे नर वीण करतात. एकाच घराण्यातल्या, समुद्रापलीकडच्या पक्ष्यात हीच जोडी पुन्हा दिसते, तेव्हा पहिल्या शक्यतेचं पारडं जड होतं.

तरीही वय आणि रंग यांचा भारतीय पक्ष्यात काडीचाही संबंध नाही, असं छातीठोक म्हणायला मी तयार नाही. मिश्र नर सर्वांत जास्त आपल्याकडेच आहेत. कपाटातलं कातडं एका पक्ष्याचा एकच दिवस दाखवतं. पुढच्या पिसझडीनंतर तो कसा दिसला असता हे त्यात नसतं. हा प्रश्न सोडवायचा मार्ग एकच: नराच्या पायात रंगीत कड्या घालून त्याच नराकडे चार-पाच वर्षं पाहत राहणं. विणीच्या जागेला परत येणारा पक्षी असल्याने हे काम करता येण्यासारखं आहे, आणि कुकरैलसारखं शहराला चिकटलेलं जंगल त्याला दुर्गम पहाडी खोऱ्यापेक्षा सोयीचं.

आता वाटणीकडे. लिनेअसने 1758 साली भारतातल्या पक्ष्याचं शास्त्रीय नामकरण केलं. एडवर्ड ब्लिथ 1841 पासून कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे क्युरेटर होते. त्यांनी 1846 मध्ये मलायाकडच्या पक्ष्याला अफिनिस, म्हणजे जवळचा नातलग, असं वेगळं नाव दिलं. 1852 मध्ये जॉन गूल्ड यांनी चीनच्या पक्ष्याला तिसरं नाव दिलं. एकोणिसाव्या शतकात अशी नावं भरभरून दिली गेली, आणि विसाव्या शतकात ती तितक्याच उत्साहाने एकत्र बांधली गेली. कारण त्या काळी ‘जात’ ठरवण्याची रीत अशी होती, की एका मुलखातून दुसऱ्या मुलखात जाताना रंगरूप हळूहळू बदलत गेलं तर त्या सगळ्या उपजाती. या रीतीने आशियातले सगळे स्वर्गीय नर्तक एका नावाखाली आले. सालिम अली आणि डिलन रिप्ले यांच्या दहा खंडांच्या ‘हँडबुक’मध्ये (1968-74) तेच आहे, आणि त्यांच्या पुस्तकांवर वाढलेल्या आपल्या पिढ्यांना तेच पाठ आहे.

2012 मध्ये ‘जर्नल ऑफ बायोजिओग्राफी’त या वंशातल्या पक्ष्यांची जनुकांवरून मांडलेली वंशावळ आली. तिच्यात हे एका नावाखालचे पक्षी एका फांदीवर एकत्र बसत नव्हते. म्हणजे भारतीय आणि पूर्वेकडचे पक्षी दिसायला जितके जवळचे वाटतात, तितके वंशाने नाहीत. 2015 साली आंतरराष्ट्रीय पक्षीनाम यादीने तीन जाती मान्य केल्या: भारतीय, ब्लिथचा आणि आमूरचा. आज ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करायला गेलं की तीन वेगळी नावं समोर येतात.

भारतीय जातीचा विस्तार मध्य आशियातल्या तिएनशान पर्वतापासून अफगाणिस्तान, काश्मीर, गंगेचं मैदान, सबंध द्वीपकल्प आणि खाली श्रीलंकेपर्यंत. ब्लिथचा पक्षी पूर्व नेपाळपासून पुढे: ईशान्य भारत, ब्रह्मदेश, मलाया, इंडोनेशियाची बेटं, आपल्या निकोबारलाही तोच. आमूरचा चीन, कोरिया आणि रशियाच्या अतिपूर्वेकडे वीण करतो व हिवाळ्यात आग्नेय आशियात उतरतो.

भारतीय आणि ब्लिथच्या पक्ष्याला शेजारी ठेवून पाहिलं तर शेपटीवरून काहीच कळत नाही. छातीकडे पाहावं लागतं. भारतीय प्रौढ नराच्या काळ्या गळ्याची कड सुरीने कापल्यासारखी संपते आणि तिथून पोट पांढरं सुरू होतं. ब्लिथच्या विटकरी नराच्या छातीवर राखाडी रंग उतरलेला असतो. डोक्याचा गडदपणा तिथे विरत जातो आणि पोटही तितकं स्वच्छ पांढरं राहत नाही. भारतीय पक्ष्याचा तुरा लांब आणि टोकदार, ब्लिथचा आखूड. काही वेळा तर तो आहे की नाही असं वाटावं. माद्यांत फरक आणखी उपयोगाचा: भारतीय मादीचं काळं डोकं आणि राखाडी गळा वेगवेगळे दिसतात, ब्लिथच्या मादीचं डोकं-गळा बरंचसं एकसारखं राखाडी. पांढऱ्या नरांमध्ये हे भेद जवळपास पुसले जातात. म्हणजे ज्या पक्ष्याचे सर्वांत जास्त फोटो निघतात, तोच ओळखीच्या कामी सर्वांत कमी येतो.

याच लखनौत 1926 साली पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून संगीत महाविद्यालय उभं राहिलं, तेव्हाचं मॅरिस कॉलेज. शेकडो राग दहा थाटांत बसवण्याचं त्यांचं काम आपल्याला माहीत आहे, आणि काही राग कुठल्याच थाटात निमूट बसत नाहीत, हेही. म्हणून थाट टाकून द्यावेत असं गाणारे म्हणत नाहीत आणि थाटावरून राग गातही नाहीत. जाती-उपजातींकडे मी साधारण याच नजरेने पाहतो. 2015 ची मांडणी आधीच्या मांडणीपेक्षा चांगली आहे, कारण तिच्यामागे रंगापेक्षा खोल पुरावा आहे. तीही पुन्हा हलणार नाही असं नाही. निकोबारच्या, किंवा इंडोनेशियातल्या लहान बेटांवरच्या पक्ष्यांचा हिशेब पुढे कुणी नव्याने मांडला तर आश्चर्य वाटायला नको. हवाईत 2010 मध्ये असंच झालं: तिथल्या एलेपायो नावाच्या पक्ष्याच्या, जो याच कुळातला आहे, एका जातीच्या तीन जाती झाल्या, तीन बेटांवर तीन.

आणि कुळ म्हणाल तर तिथे फारच मजेदार उलथापालथ झालेली आहे. लिनेअसने 1758 मध्ये या पक्ष्याला नाव दिलं ते कोर्व्हस पॅराडिसी. कोर्व्हस म्हणजे कावळ्याचा वंश. पुढच्या अभ्यासकांना ती चूक वाटली. चोच रुंद, तिच्या मुळाशी राठ केस, फांदीवरून झेपावून हवेत किडे पकडण्याची रीत: हा तर उघड माशिमार. त्याची रवानगी माशिमारांच्या कुळात झाली आणि ‘हँडबुक’च्या काळापर्यंत तो तिथेच राहिला. 1980 नंतर चार्ल्स सिबली आणि जॉन आल्क्विस्ट यांनी डीएनएच्या तुलनेवरून पक्ष्यांची नवी मांडणी केली, आणि सिबली-मन्रो यांच्या 1990 च्या यादीत हा पक्षी चक्क कावळ्यांच्या विस्तारित कुळात जाऊन बसला. आज त्याचं कुळ पुन्हा वेगळं धरतात, सुमारे शंभर जातींचं; पण त्याचे सोयरे माशिमार नाहीत. कोतवाल, नाचण, खाटीक, कावळा हे त्याचे जवळचे. लिनेअसने त्याला कावळ्यांत टाकलं ते काही खोल अभ्यासाने नव्हे. त्याच्या काळी असे बरेच अनोळखी पक्षी त्या वंशात भरती होत. तरीही दोनशे तीस वर्षं फिरून गाडी त्याच मुक्कामाजवळ आली, हे नाकारता येत नाही.

या कुळाचं खरं घर भारत नव्हेच. न्यू गिनी, ऑस्ट्रेलिया आणि पॅसिफिकमधली बेटं इथे त्याच्या बहुसंख्य जाती आहेत. स्वर्गीय नर्तकांचा वंश मात्र पश्चिमेला आफ्रिकेपर्यंत पसरला, वाटेत हिंदी महासागरातल्या बेटांवर उतरत. सेशेल्समधल्या जातीचा नर आपादमस्तक काळा आहे. ती ला डिग या एका बेटावर तगून होती. 2008 साली तिथून 23 पक्षी डेनिस बेटावर नेऊन सोडले, ते तिथे रुजले, आणि धोक्याच्या यादीत तिची पायरी नंतर खाली आली. एकेका बेटाला एकेक जात असेल तर असं काही करता येतं, आणि करावंही लागतं. भारतीय पक्षी संख्येने भरपूर आणि मुलखाने अफाट असल्याने त्याच्याबाबत अशी तातडी कुणाला वाटत नाही.

मुख्य भूमीवरच्या आपल्या जंगलांत या कुळाचा दुसरा नेहमीचा सभासद म्हणजे नीलमणी. सोळा सेंटिमीटरचा, दहा-बारा ग्रॅमचा हा पक्षी स्वर्गीय नर्तकाच्या निम्म्या वजनाचा. नर आकाशी निळा, मानेवर काळा ठिपका, गळ्याखाली बारीक काळी रेघ, पोट पांढरं. मादी मळकट, काळ्या खुणांशिवाय. शेपटीला काही खास नाही. पण दोघांची घरटी शेजारी ठेवली की नातं लपत नाही: दोन्ही फांदीच्या बेचक्यात बसवलेले सुबक वाडगे, दोन्हींवर बाहेरून कोळ्यांच्या जाळ्यांचं लिंपण. बसण्याची ढबही एक, ताठ, उभी.

स्वभाव मात्र निराळे. नीलमणी दाट सावलीतला. इतर लहान पक्ष्यांच्या मिश्र थव्यात सामील होऊन झाडोऱ्यातून हिंडतो, घोगऱ्या ‘च्विच-च्विच’ने आपला ठावठिकाणा देतो आणि चाहूल लागली की मानेवरची पिसं उभारतो. स्वर्गीय नर्तकाला त्यामानाने उघडं आवडतं: आमराई, जुन्या बागा, ओढ्याकाठची मोठी झाडं. म्हणूनच तो लखनौसारख्या शहराच्या अंगणापर्यंत येतो. नीलमणी पाहायचा तर उत्तरेला तराईतल्या सालाच्या जंगलांत जावं. आपल्याकडे सह्याद्रीत तो भेटतो. मुलखागणिक बदलण्याचा घराण्याचा गुण त्याच्यातही आहे. अंदमानातल्या नराचं पोटही निळं. श्रीलंकेतल्याच्या गळ्यावर काळी रेघ नसते. सुलावेसीतल्या फिकट निळ्या पक्ष्याला आता वेगळी जात मानतात. इथेही लोकांच्या नजरेत भरतो तो निळा रंग, आणि वर्गीकरण करणाऱ्याला अडवते ती गळ्यावरची रेघ.

आता लखनौच्या घरट्यांकडे येऊ. अंडी तीन किंवा चार. उबवण साधारण दोन आठवड्यांची, आणि नर-मादी दोघंही पाळीपाळीने बसतात. पांढरा नर वाडग्यात बसतो तेव्हा फिती बाहेर लोंबत राहतात. आठ-दहा फुटांवरच्या फांदीवर हे दृश्य अगदी उघडं असतं. भक्षकाला इतकं आवतण देणारा नर उबवणीला बसतोच कशाला, हा प्रश्न साहजिक आहे. एक उत्तर शेजारात सापडतं. ही जोडी कधी कधी कोतवालाच्या घरट्याजवळ आपलं घरटं बांधते, आणि कोतवाल कावळ्या-घारींना हद्दीत फिरकू देत नाही. लांब शेपटीचा खर्च नराला परवडतो तो काही अंशी या फुकटच्या पहाऱ्यामुळे, असं मला वाटतं. कोतवाल आणि तो एकाच मोठ्या घराण्यातले आहेत हे दोघांनाही ठाऊक असण्याची गरज नाही.

उपजातींच्या नकाशावर लखनौ मोक्याच्या जागी आहे. वायव्येकडची, हिमालयाच्या कुशीतून मैदानात उतरणारी उपजात आणि मध्य-दक्षिण भारतातली उपजात यांची सीमा याच गंगा-यमुनेच्या पट्ट्यात कुठेतरी एकमेकींत मिसळते. त्यामुळे इथल्या पक्ष्याचा फोटो घेऊन तो नेमका कुठल्या उपजातीचा, असं विचारण्यात फारसा अर्थ नाही. तो दोन्हींमधला असणंच स्वाभाविक.

त्याला लागतं ते साधं: सावली, पाणी आणि भरपूर उडते किडे. मलिहाबादच्या दशहरीच्या बागांत सावली आहे, पण मोहोर धरण्यापासून फळ उतरेपर्यंत फवारणीही आहे, आणि नेमका तोच त्याच्या येण्याचा व घरट्याचा काळ. किड्यांवर जगणाऱ्या पक्ष्याला जुनी आमराई बाहेरून कितीही चांगली दिसली तरी आत खाणं नसेल तर उपयोग काय? कुकरैलचं क्षेत्र सुमारे दोन हजार हेक्टर. 1970 च्या दशकापासून तिथे मगर-सुसरींपैकी घडियालांचं पुनर्वसन केंद्र चालत आलं आहे. 2022 मध्ये राज्य सरकारने तिथे रात्रीच्या सफारीचा निर्णय घेतला. घरटी मे ते जुलै आणि माणसाच्या डोक्याच्या थोडी वर असतात. दिवे कुठे लागतात आणि रस्ते ओढ्यापासून किती दूर नेतात, एवढ्यावर बरंच अवलंबून राहील. धोक्याच्या आंतरराष्ट्रीय यादीत भारतीय आणि ब्लिथची, दोन्ही जाती तूर्त चिंता नसलेल्या वर्गात आहेत. पण वाटणीचा एक व्यावहारिक परिणाम असतो: पूर्वी एका मोठ्या खात्यावर जमा असलेली संख्या आता तीन खात्यांत विभागली गेली आहे, आणि प्रत्येकाचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो.

लखनौत ब्लिथचा पक्षी सापडावा म्हणून धडपडण्यात हशील नाही. शोधायचंच असेल तर पूर्वेला जावं. महाराजगंज जिल्ह्यातलं सोहगी बरवा अभयारण्य नेपाळच्या सीमेला टेकलेलं आहे, आणि तराईची झाडी तिथून पूर्वेकडे बिहारच्या वाल्मीकी अभयारण्यात सलग जाते. दोन जातींमधली रेषा उत्तर प्रदेशाला कुठे शिवत असेल तर याच बाजूने. तिथे जाणाऱ्याने पांढऱ्या नराच्या फितीवर अर्धा दिवस घालवू नये. मादी किंवा विटकरी नर समोरून, गळा आणि छाती दिसेल असा टिपावा, तुऱ्याची लांबी कळेल असा एक बाजूने टिपावा, आणि आवाज नोंदवून ठेवावा. तारीख मे-जूनची असेल तर उत्तम, कारण तेव्हा दिसलेला पक्षी वाटसरू नसून तिथलाच असण्याची शक्यता जास्त.